पाहुणे म्हणून येतात, पेशंट म्हणून जातात : नौदलातून निवृत्त मोठेबाबा आणि गावातली तपासणी

वावरातला

नमस्कार मंडळी.

माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, नौदलात होते. १९७४ साली गावातून गेले, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकले आणि पुढची वीस वर्षं जहाजाच्या पोटात काढली, म्हणजे बॉयलर रूम आणि इंजिन रूममध्ये. त्यातली काही वर्षं जुन्या विक्रांतवर. १९९४ मध्ये निवृत्त झाले आणि विशाखापट्टणमलाच घर केलं. आता वय ६९. मोठी आई तीन वर्षांपूर्वी गेली. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, तिथेच नोकरीला आहे.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. दरवर्षी दिवाळीला ते समता एक्स्प्रेसनं नागपूरला उतरतात, मी आणायला जातो. येताना औषधांचा डबा आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी सोबत असते. सगळ्या तपासण्या त्यांना इथेच करायच्या असतात. म्हणतात, "रिपोर्ट हातात येईल तेव्हा आपली माणसं बाजूला असावी."

मागच्या वर्षी २२ दिवस राहिले. त्यातले ११ दिवस दवाखान्यात गेले. शहरातल्या एका खाजगी दवाखान्यानं जुने रिपोर्ट बाजूला ठेवले आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं. आज रक्त द्या, उद्या रिपोर्ट घ्या, परवा मोठे डॉक्टर येतील. वावर त्यांनी एकदाच पाहिलं. बाबांसोबत निवांत बसणं झालंच नाही. परत जाताना गाडीच्या दारात उभे राहून म्हणाले, "यंदा भेट राहूनच गेली रे." वर्ष झालं, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

म्हणून विचारतो. गावी आल्यावर कोणत्या तपासण्या कराव्या, कुठे कराव्या आणि किती दिवसांत उरकाव्या? त्यांचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड विशाखापट्टणमच्या पॉलिक्लिनिकचं आहे, ते इकडे चालतं का?

आणखी एक. इतक्यात ते फार अबोल झालेत. विचारलं एक तर उत्तर दुसरंच देतात, चार माणसं बसली की उठून ओसरीत जातात. माझी सहा वर्षांची मुलगी आधी त्यांना चिकटून असायची. आता म्हणते, "मोठे आजोबा माझ्याशी बोलतच नाही."

गोळाभात

कार्ड चालतं. ईसीएचएसचं कार्ड असलं की देशातल्या कोणत्याही पॉलिक्लिनिकमध्ये दाखवता येतं. नागपूरला पॉलिक्लिनिक आहे. आधी तिथे जा. तिथले डॉक्टर पाहतील आणि गरज असेल तर यादीतल्या दवाखान्याच्या नावानं रेफरल देतील. मागच्या वर्षी तुम्ही थेट खाजगीत गेलात, तिथेच दिवसही गेले आणि पैसेही. मूळ कार्ड, आधार आणि पेन्शनचा कागद सोबत ठेवा. रोजच्या गोळ्या मात्र निघतानाच महिनाभराच्या आणायला सांगा.

उगाच_मधे

२२ दिवस आणि एकदाच वावर! माझा आबाजी असता तर दवाखान्यातून पळून गेला असता.

नागपूरची_सून

मी वेगळं बोलते, राग मानू नका. विशाखापट्टणमला नौदलाचं कल्याणी रुग्णालय आहे, पॉलिक्लिनिक आहे, त्यांना ओळखणारे डॉक्टर आहेत. इतकं सगळं दारात असताना माणसाला आर्वीहून नागपूरला कशाला फिरवायचं? तपासणी तिथे करा, रिपोर्ट फोनवर मागवा, आणि गावी फक्त पाहुणचार. माझे सासरे सैन्यात होते. ते गावी आले की आमच्याकडे दवाखान्याचं नावच काढायचं नाही असा नियम होता.

दर्याची_लेक

@नागपूरची_सून, ताई, तुमचा नियम चांगला आहे, पण या मोठेबाबांनी कारण सांगितलंय ना. रिपोर्ट घेताना माणूस हवा. बायको गेलेली, मुलगा ड्यूटीवर. तिथे ते रांगेत एकटे बसतात आणि डॉक्टरनं विचारलं की "ठीक है" म्हणून उठतात. माझ्या बाबांचं अगदी हेच होतं.

माझे बाबा व्यापारी जहाजावर होते. दारव्ह्याहून शकुंतला या छोट्या गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबई, असे ते पहिल्यांदा गेले. गावात त्यांना आजही 'मिलिट्रीवाला' म्हणतात. नौदल आणि व्यापारी जहाज यातला फरक कोणालाच माहीत नाही, आणि आजारपणात तोच फरक महागात पडतो. व्यापारी जहाजावरचा माणूस माजी सैनिक धरला जात नाही. त्याला ईसीएचएस नाही, लष्करी रुग्णालय नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्याची नोंद नाही. त्याच्याकडे असते ती सीडीसी, म्हणजे कोणत्या जहाजावर कधी चढला आणि कधी उतरला याची पुस्तिका, आणि १९६६ च्या कायद्यानं सुरू झालेला नाविकांचा भविष्य निर्वाह निधी. तो एकदा काढला की संपला. बाबांनी त्यातून दोन एकर वावर घेतलं आणि आम्हा बहिणींची लग्नं केली. म्हातारपणासाठी काही ठेवलं नाही.

आमच्या उपयोगी पडलं ते सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या कोणालाही ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत भरती होऊन उपचार. इथे आणखी कोणाचे वडील व्यापारी जहाजावर असतील तर त्यांचं हे कार्ड आजच काढा. वावरातला, तुमच्या मोठेबाबांना मात्र पुढच्या वर्षी सत्तरी लागली की ईसीएचएस किंवा आयुष्मान यातलं एकच निवडावं लागेल. बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधं ईसीएचएसमध्ये मिळतात, त्यामुळे ते सोडू नका.

खारपाणपट्टा

मी दर्यापूरकडचा. आमच्या पूर्णा खोऱ्यात जमिनीखालचं पाणीच खारं, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत हेच. माझा मामा नौदलात होता. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा मामीनं हापशीचं पाणी दिलं. एक घोट घेऊन म्हणे, "अवं, समुद्रावर मले गोडं पानी भेटते, न् घरी आलो त खारं!" जहाजावर समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी काढतात, तेही मोजून मिळतं. मामा अजून पाऊण बादलीत अंघोळ करतो. अंगाला साबण लावताना नळ बंद म्हणजे बंद.

कामाचं सांगायचं तर असं, की निवृत्त होऊन आमच्या पट्ट्यात कायमचं राहायला येणाऱ्यानं वर्षातून एकदा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठीची रक्ताची तपासणी, आणि लघवीची तपासणी करावी. इकडे किडनीचे पेशंट घरोघरी ऐकू येतात. मामाला बीपीही आहे. दोन्ही एकत्र आलं की वेळ लागत नाही.

उगाच_मधे

पाऊण बादली? माझ्या घरच्या पोट्ट्यांना मामाकडे महिनाभर पाठवतो.

स्टेथोवाली

मी वर्धा जिल्ह्यात डॉक्टर आहे. ईसीएचएसचं वर आलंच आहे, पण तुमच्या पोस्टच्या शेवटच्या ओळी मला स्वस्थ बसू देईनात.

विचारलं एक, उत्तर दुसरं. चार माणसांत बसवत नाही. लहान मुलीशी बोलत नाहीत. आणि वीस वर्षं बॉयलर आणि इंजिन रूम. वावरातला, मोठेबाबांना दुःख असेलच, मोठी आई गेलीय. पण आधी त्यांचे कान तपासा.

सततच्या मोठ्या आवाजानं कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचे. जाड आवाज चांगले ऐकू येत असतात, म्हणून माणसाला आपण बहिरे होतोय हे कळतच नाही. स, श, फ, च अशी अक्षरं पुसट होतात. 'साखर दे' मधलं 'आखर दे' तेवढं पोचतं, बाकीचं तो अंदाजानं भरतो. बायकांचा आवाज अवघड, लहान मुलांचा त्याहून अवघड. मागे पंखा किंवा टीव्ही सुरू असला तर काहीच लागत नाही. मग चुकीचं उत्तर देऊन हसं होण्यापेक्षा माणूस ओसरीत जाऊन बसतो.

आपल्या भागात डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला काय विचारतात? शेतात फवारणी करता का, खर्रा खाता का, बीपी-शुगर आहे का. जहाजावर होतात का, हे कोणी विचारत नाही, कारण आमच्यासमोर तसा पेशंट वर्षातून एखादाच येतो. म्हणून तुम्हीच पहिल्या वाक्यात सांगा : वाफेच्या जहाजावर वीस वर्षं इंजिन रूममध्ये होते. याचा दुसराही उपयोग आहे. त्या काळच्या जहाजांवर वाफेच्या पाइपांना ॲस्बेस्टॉसचं वेष्टण असायचं. त्याचा फुफ्फुसांवरचा परिणाम वीस-तीस-चाळीस वर्षांनीही दिसू शकतो. घाबरायचं कारण नाही, पण दम लागतो का, खोकला रेंगाळतो का हे विचारा आणि छातीचा एक्स-रे पाहणाऱ्याला ही गोष्ट आधी सांगा. दादाला फोन करून शेवटचा एक्स-रे कधी काढला तेही विचारून घ्या.

आणि शुगर असेल तर उपाशीपोटीचं रक्त दिवाळीच्या आठवड्यात तपासू नका. एक काकाजी माझ्याकडे सकाळी सातला 'उपाशी' म्हणून आले होते. वहिनींनी फक्त दोन अनारसे दिले म्हणे, जेवण नव्हतं दिलं.

चीफ_निवृत्त

मी स्वतः नौदलातून चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. गाव गोंदिया जिल्ह्यात, आता गावीच शेती पाहतो. डॉक्टरताईंचं वाचून हातातला मोबाईल खाली ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिलो.

खाली बॉयलर रूममध्ये आम्ही बोलत नव्हतो, हातवारे करत होतो. एक बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय, सगळं ठरलेलं. उकाडा असा की आपल्या चंद्रपूरचा मे महिना बरा. कानात कापूस कोंबायचो. विदर्भाचा माणूस, कापसावर भारी विश्वास. त्या कापसानं काही होत नव्हतं हे आता कळतं. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, संपवून वर डेकवर आलं की कानात शिट्टी वाजायची, तासाभरानं थांबायची. पुढे थांबेनाशी झाली. माझी आजही वाजते. बायकोला पहिल्यांदा सांगितलं ते निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी.

का नाही सांगत, ते सांगतो. सर्व्हिसमध्ये मेडिकल कॅटेगरी उतरली की जहाज सुटतं, प्रमोशन अडकतं. पंधरा-वीस वर्षं ऐकू येतंय असं दाखवायची सवय लागते. ती सवय घरी येते. मोठेबाबांना विचारलं तर ते "सब ठीक" म्हणतील. विचारत बसू नका, तपासायला न्या.

दुसरं, नोव्हेंबरमध्ये येतात तर हयातीचा दाखलाही तेव्हाच उरकून घ्या. त्यासाठी बँकेत रांग लावायची गरज नाही. घरी मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण निघतं. माझ्या बोटांचे ठसे मशीन घेतच नव्हतं, आयुष्यभर पाने-हातोड्या धरलेल्या हाताला ठसा कुठला. चेहऱ्यावर दोन मिनिटांत झालं.

पुसदवाला

४८ तासांची गोष्ट इथे लिहून ठेवतो, कोणाच्या तरी कामी येईल. माझे काका माजी नौसैनिक. शेतात छातीत दुखलं, जवळच्या दवाखान्यात नेलं. तो ईसीएचएसच्या यादीत नव्हता. जीव वाचला, तेव्हा तेच महत्त्वाचं होतं. पण आम्ही कोणीच पॉलिक्लिनिकला कळवलं नाही. तातडीच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात नेता येतं, मात्र यादीबाहेरचा असेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं असतं. नंतर बिलाची भरपाई मागता येते, तीही सरकारी दरानं. आम्ही कळवलं सहाव्या दिवशी. फाइल दीड वर्ष फिरली. काका मात्र रोज म्हणायचे, "चूक आपली हाय, त्याइची नाई." घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पॉलिक्लिनिकचा नंबर असू द्या, शेतातल्या गड्याच्याही.

नागपूरची_सून

माझं मत थोडं बदललं. डॉक्टरताईंचं पटलं. कान तपासायला घरचं माणूसच लागतं, कारण ऐकू येत नाही हे घरच्यांनाच दिसतं. बाकी रक्त-लघवी तिथेच करून रिपोर्ट सोबत आणायला सांगा. इथे फक्त जे राहिलं तेवढं.

गोळाभात

विषयांतर करतो, पण इथेच लिहावंसं वाटतं. आमच्या शेजारचे एक काका दरवर्षी ९ डिसेंबरला दिवसभर जेवायचे नाहीत. घरच्यांना वाटायचं कुठला तरी उपास आहे. ४ तारखेला नौदल दिनाला जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांना बोलवायचे, ते कराचीच्या हल्ल्याबद्दल जोशात बोलायचे, मुलांना चॉकलेटं वाटायचे. आणि पाचच दिवसांनी हे असं. ते गेल्यावर पेटीत कात्रण सापडलं. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यातला एक त्यांच्या सोबत भरती झालेला होता. तीस वर्षं घरात कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तपासणीत हे कुठे सापडणार? त्यासाठी ओसरीवर सोबत बसायलाच पाहिजे. ११ दिवस दवाखान्यात गेले तर बसणार कधी?

चीफ_निवृत्त

@गोळाभात, हे लिहिलंत, बरं केलंत.

कण्याताक

सेवाग्रामचा विचार केला का? आर्वीहून जवळ पडतं. कस्तुरबा रुग्णालयात माझ्या आजीचे दोन्ही मोतीबिंदू झाले. पूर्वी आसपासची गावं ज्वारी जमा करून तिथे आरोग्य विमा घ्यायची, माझ्या आजोबांनी पायल्या मोजून दिल्या आहेत. ईसीएचएसचं काय ते विचारून घ्या, पण स्वतःच्या पैशानं कानाची एकच तपासणी करायची असेल तर तिथेही परवडते.

स्टेथोवाली

बरोबर. कानाची मुख्य तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री, अर्ध्या तासाचं काम. आधी कानात मळ नाही ना हे पाहतात. ती सर्दी नसताना करा. एक दिवस नागपूरचं पॉलिक्लिनिक, दुसऱ्या दिवशी रेफरलवर कान आणि एक्स-रे. एवढंच. बाकीचे वीस दिवस वावर.

वावरातला

सगळ्यांचे आभार. ते २ तारखेला येताहेत. दादाशी बोललो, रक्ताच्या तपासण्या तिकडेच करून रिपोर्ट पाठवतोय. कानाचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात म्हणून मी त्यांच्यावर ओरडतो रे.

वावरातला

आज १९ तारीख. काय झालं ते सांगायला आलो.

पॉलिक्लिनिकला पहाटे निघालो, दुपारपर्यंत रेफरल हातात. कान विभागात तपासणीचे हेडफोन लावून त्यांना काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून पाहत होतो. जाड आवाजांना ते पटापट बटण दाबत होते. पुढे पुढे ताई यंत्रावर आवाज वाढवत होत्या आणि मोठेबाबा बटणावर अंगठा ठेवून नुसते वाट पाहत होते, चेहऱ्यावर इतकं लक्ष की जणू वॉचवर उभे आहेत. मला पाहवलं नाही.

दोन्ही कान, वरच्या पट्टीत बरेच उतरलेत. डॉक्टरांनी पहिल्याच प्रश्नात विचारलं, "कुठल्या कारखान्यात होते?" मी म्हटलं, "जहाजावर, बॉयलर रूममध्ये." मोठेबाबा एकदम ताठ बसले. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, दरवर्षी बघत राहा म्हणाले. कानाची मशीन लिहून दिलीय. पुढची बसवणी आणि तपासण्या लागतात म्हणून ती विशाखापट्टणमच्या पॉलिक्लिनिकमार्फतच घ्यायची ठरली. दोन दिवसांत सगळं झालं.

परत येताना पुलगावला चहाला थांबलो. मी समोर बसून, त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हटलं, "मोठेबाबा, छकुली म्हणते तुम्ही बोलत नाही." चहाचा कप खाली ठेवला त्यांनी. "ती बोलते होय? मले वाटे नुसती तोंड हालवते, गम्मत करते." मग बराच वेळ बाहेर बघत होते.

आता घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाठीमागून हाक मारायची नाही, समोर यायचं, टीव्ही बंद करायचा. छकुलीनं स्वतःची युक्ती काढलीय. ती आधी त्यांच्या गुडघ्यावर दोन थापा मारते आणि मग बोलते. त्यांनी तिला बॉयलर रूमचे हातवारे शिकवलेत. काल जेवताना दोघांनी पूर्ण ताट न बोलता संपवलं. मूठ म्हणजे वरण, दोन बोटं म्हणजे पोळी. आईला वाटलं काही बिनसलंय.

चीफ_निवृत्त

मूठ म्हणजे आमच्यात 'बंद कर' होतं. पण वरण चालेल. त्यांना माझा जय हिंद सांगा. समोर उभे राहून सांगा.

उगाच_मधे

समतेचं परतीचं रिझर्वेशन झालं का? खालचा बर्थ घ्या त्यांना.

वावरातला

खालचा मिळाला होता, २५ तारखेचा. काल रद्द करायला लावला. म्हणतात तूर निघाल्यावर जातो.